देवाचे राज्य व खोटे ख्रिस्त

देवाचे राज्य ही ख्रिस्ती धर्मातील एक मूलभूत संकल्पना होय. येशू ख्रिस्ताच्या उपदेशाचा तो केंद्रबिंदू असून मत्तय, मार्क व लूक यांच्या शुभवर्तमानांतील बहुतेक दाखले तिच्या स्पष्टीकरणार्थ आले आहेत. मत्तय बहुधा ‘स्वर्गाचे राज्य’ असा शब्दप्रयोग करतो. देवाचे नाव उच्चारणे टाळण्याचा यहुदी लोकांचा रिवाज हे त्याचे कारण होय. दोन्ही शब्दप्रयोगांच्या अर्थांत भेद नाही. योहानाच्या शुभवर्तमानात ही संज्ञा क्वचितच आढळते. तेथे तिची जागा ‘सार्वकालिक जीवन’ या कल्पनेने घेतली आहे. ‘मीच तो ख्रिस्त’ असे म्हणत येणाऱ्या तोतयांपासून सावध राहण्याचा इशारा शुभवर्तमानांत या संकल्पनेला लागूनच दिलेला आढळतो. त्यामुळे राज्याचा अर्थ व तोतयांची पारख हे विषय एकत्र विचारात घेणे सोयीचे ठरते.

मराठी वाचकाला पहिली अडचण येते ती ‘राज्य’ या शब्दाचीच. भोर व वेल्हे या परिसरात हा शब्द उच्चारला, की तोरणा, राजगड व रायरेश्वर ही स्थळे डोळ्यांसमोर येतात. त्याच्या जोडीला पंतसचिवांचे भोर संस्थान आठवते. ते १९४८ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले. गड, सरहद्द, सनद, महसूल आणि गादीचा वारस यांवाचून राज्याची कल्पना येथील माणसाच्या मनात उभी राहत नाही. मूळ ग्रीक ‘बासिलेया’ व त्यामागील हिब्रू ‘मल्कूथ’ या शब्दांचा मुख्य अर्थ मात्र राजाच्या ताब्यातील मुलूख असा नसून राजाची सत्ता किंवा तिचा अंमल असा आहे. ‘शिवाजी महाराजांच्या राज्यात रयतेला न्याय मिळे’ असे आपण म्हणतो, तेव्हा मुलुखापेक्षा अमलाकडेच आपला रोख असतो. देवाच्या राज्याचा अर्थ या वळणाने लावणे अधिक युक्त होय. फादर टॉमस स्टीफन्स याने आपल्या क्रिस्तपुराणात (१६१६) स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द योजून वाचकाच्या परिचयाची वाट धरली होती. विल्यम कॅरी याच्या श्रीरामपूर येथील नव्या कराराच्या मराठी भाषांतरापासून (१८११) पंडिता रमाबाईंच्या बायबलपर्यंत (१९२४) पुढील भाषांतरकारांनी शब्दाशी निष्ठा राखण्याकडे कल ठेवला व ‘देवाचे राज्य’ हीच संज्ञा रूढ झाली.

यहुदी पार्श्वभूमी : दाविदाच्या वंशातील राजा पुन्हा गादीवर बसेल ही आशा इझ्राएली लोकांनी बॅबिलोनियातील बंदिवासापासून जपली होती. इराणी, ग्रीक व इ. स. पू. ६३ पासून रोमन अशा परक्या सत्ता एकामागून एक आल्या, तसतशी ती तीव्र होत गेली. दानीएलाच्या ग्रंथात मानवी साम्राज्ये कोसळून देव स्वतःचे अक्षय राज्य स्थापील, असे चित्र आहे. या राज्याचा अग्रदूत म्हणजे ‘मसीहा’, अर्थात अभिषिक्त. त्याचेच ग्रीक रूप ‘ख्रिस्तोस’. करांचा बोजा, मंदिराची विटंबना होण्याचे भय आणि शिपायांची दडपशाही यांनी गांजलेल्या लोकांत मसीहाची वाट पाहणे ही केवळ पारलौकिक बाब नव्हती. इ. स. ६ मधील शिरगणतीच्या वेळी गालीलकर यहूदा याने बंड केले. थ्यूदास नावाच्या पुरुषाने यार्देन नदी दुभंगून वाट देईल असे सांगून अनुयायांना नदीकाठी नेले. रोमन घोडदळाने त्यांची कत्तल केली. एका मिसरी माणसाने जैतुनांच्या डोंगरावरून यरुशलेमचा तट कोसळेल असे आश्वासन दिले. त्याचे लोक मारले गेले व तो स्वतः पळून गेला. या हकीकती जोसीफस या यहुदी इतिहासकाराने दिल्या आहेत. बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातही या तिघांचा उल्लेख आहे. मात्र थ्यूदासाच्या बाबतीत दोहोंच्या कालक्रमाचा मेळ बसत नाही. पुढे बार कोखबा याच्या उठावाला (१३२–१३५) रब्बी अकिबा यांच्यासारख्या थोर पंडिताने मसीहाचे कार्य म्हणून मान्यता दिली. त्या उठावाचा शेवट यहूदियाच्या भयानक संहारात झाला. विद्वत्ता हे अशा भुलीपासून संरक्षण नव्हे, एवढे यावरून दिसते.

येशूची शिकवण : या तापलेल्या वातावरणात येशूने ‘राज्य जवळ आले आहे’ अशी घोषणा केली. तीच घोषणा इतरही करीत होते. वेगळेपण त्याच्या दाखल्यांत आहे. राज्य मोहरीच्या दाण्यासारखे, पिठात मिसळलेल्या खमिरासारखे, शेतात पुरलेल्या ठेव्यासारखे आहे, असे तो सांगतो. या सर्व वस्तू लहान व लपलेल्या असून आपल्या गतीने वाढणाऱ्या किंवा शोधल्याने सापडणाऱ्या आहेत. शेतकरी झोपतो, उठतो आणि बी कसे रुजते हे त्याला कळत नाही, हा मार्कमधील दाखला मावळातील भातशेती करणाऱ्याला वेगळा समजावून द्यावा लागणार नाही. गहू व निदण यांच्या दाखल्यात मालक चाकरांना घाईने उपटाउपट करू देत नाही. निवाडा कापणीच्या वेळी, आणि तोही धन्याच्या हातून. स्वतःच्या हाताने जगाची झाडाझडती घेऊ पाहणाऱ्या प्रत्येक धर्मवेड्याला हा दाखला आडवा येतो.

लोक आपल्याला बळेच राजा करू पाहतात असे दिसताच येशू डोंगरात निघून गेला, असे योहान सांगतो. पिलातापुढे आपले राज्य या जगाचे नाही असे त्याने म्हटले. तरीही क्रुसावरील पाटीवर ‘यहूद्यांचा राजा’ हाच गुन्हा नोंदला गेला. राज्य केव्हा येणार या परूश्यांच्या प्रश्नाला त्याने दिलेले उत्तर लूकमध्ये आहे : ते डोळ्यांना दिसेल अशा रीतीने येत नाही. त्यातील पुढील ग्रीक शब्दांचा अर्थ ‘तुमच्या अंतर्यामी’ असा घ्यावा की ‘तुमच्यामध्ये’, हा वाद जुना आहे. लिओ टॉलस्टॉयने पहिला अर्थ स्वीकारून त्याच नावाचा ग्रंथ लिहिला (१८९४). तो दक्षिण आफ्रिकेत महात्मा गांधींच्या वाचनात आला आणि त्यांच्यावर त्याचा खोल परिणाम झाला. आधुनिक भाष्यकारांपैकी पुष्कळजण दुसऱ्या अर्थाकडे झुकतात. प्रश्न परूश्यांनी विचारला होता आणि त्यांच्या अंतर्यामी राज्य आहे असे येशू म्हणेल, हे संभवनीय वाटत नाही.

राज्य आले आहे की यायचे आहे, याबद्दल ईश्वरविद्येत मतभेद आहेत. संत ऑगस्टीनने (३५४–४३०) हजार वर्षांच्या राज्याचा काळ म्हणजे चर्चचाच काळ असा अर्थ लावला आणि पश्चिमेकडील तारखांच्या हिशेबाला दीर्घकाळ लगाम घातला. एकोणिसाव्या शतकात आल्ब्रेख्त रिच्लने राज्याला नैतिक समाजाचे रूप दिले. योहानेस व्हाइस (१८९२) व आल्बर्ट श्वाइट्‌सर (१९०६) यांनी मात्र येशूची दृष्टी जगाच्या निकटच्या अंताकडे होती असे प्रतिपादिले. सी. एच. डॉड या ब्रिटिश पंडिताने १९३५ मध्ये याच्या उलट, राज्य येशूच्या कार्यातच अवतरले असा सिद्धांत मांडला. ऑस्कार कुलमान (१९४६) याचा दृष्टान्त बहुतेकांना पटला : युद्धातील निर्णायक लढाई जिंकली गेली आहे, पण विजयदिन अजून उगवायचा आहे. ‘आले आहे, पण पूर्णत्वास गेलेले नाही’ ही भूमिका आज बहुसंख्य चर्चमध्ये मान्य आहे. तोतया ख्रिस्ताचा शिरकाव होतो तो नेमका या दोहोंमधील मोकळ्या जागेत.

खोट्या ख्रिस्तांची पारख : मत्तयाच्या चोविसाव्या व मार्कच्या तेराव्या अध्यायांत येशूने सांगितले आहे, की पुष्कळजण त्याच्या नावाने येतील, चिन्हे व चमत्कार दाखवतील आणि तो रानात किंवा आतल्या खोलीत आहे असे सांगतील, तेव्हा विश्वास ठेवू नये. त्याचे खरे आगमन विजेसारखे सर्वांना दिसेल. तो दिवस स्वतः पुत्रालाही ठाऊक नाही, हे वाक्य तर तारीख सांगणाऱ्याचे तोंड बंद करणारे आहे. चमत्कार घडला म्हणून माणूस खरा, ही पारख येथे साफ नाकारलेली दिसते. त्याऐवजी फळांवरून झाडाची ओळख करावी, असे डोंगरावरील प्रवचन सांगते. दुसऱ्या शतकाच्या सुमारास सिद्ध झालेल्या ‘डिडाखे’ या लहानशा ग्रंथातील कसोटी व्यवहारी आहे : फिरता उपदेशक दोन दिवसांपेक्षा अधिक मुक्काम ठोकील अथवा आत्म्याच्या प्रेरणेत पैसे मागेल, तर तो खोटा समजावा. या नियमाची गरज अजून संपलेली नाही.

इतिहासातील उदाहरणे पुष्कळ आहेत. दुसऱ्या शतकात फ्रिजियातील माँटेनसने पेपुझा या गावी नवे यरुशलेम उतरणार असे जाहीर केले. जर्मनीतील म्यून्स्टर शहरात १५३४–३५ मध्ये लायडनचा यान याने स्वतःस नव्या सियोनाचा राजा घोषित करून सामाईक मालमत्ता व बहुपत्नीत्व लादले. शहराला वेढा पडला आणि उपासमार व कत्तल यांत सर्व संपले. चीनमध्ये हुंग श्यूच्वान याने आपण येशूचा धाकटा भाऊ असल्याचा दृष्टान्त झाल्याचे सांगितले. त्याने स्थापलेल्या राजवटीचे नावच ‘महान शांतीचे स्वर्गीय राज्य’ असे होते. १८५० ते १८६४ या काळातील त्या यादवीत दोन कोटींहून अधिक माणसे दगावली असावीत, असा अंदाज आहे. १८ नोव्हेंबर १९७८ रोजी गुयानातील जोन्सटाउन येथे जिम जोन्स याच्या आज्ञेवरून नऊशेहून अधिक अनुयायी विषाने व गोळ्यांनी मेले, त्यांत सु. तीनशे मुले होती. त्या मुलांना निवड नव्हती, म्हणून या घटनेस सामूहिक आत्महत्या म्हणणे अपुरे होय. केन्यातील शाकाहोला जंगलात २०२३ मध्ये चारशेहून अधिक प्रेते सापडली. उपासाने येशूची भेट होते असे त्या लोकांना शिकविण्यात आले होते.

या सर्वांत एक क्रम दिसतो. प्रथम खाजगी साक्षात्कार, मग तारीख किंवा स्थळ, मग घरदार व मिळकत सोडविणे, नातलगांशी संबंध तोडणे आणि शेवटी शंका घेणे हेच पाप ठरविणे. तारीख चुकली तरी श्रद्धा सहसा मोडत नाही. तिला नवा अर्थ दिला जातो. अमेरिकेतील विल्यम मिलरच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस धरला होता. तो कोरडा गेल्यावर अनेकांनी पंथ सोडला, तर उरलेल्यांतून निघालेल्या सातव्या दिवसाच्या ॲडव्हेंटिस्ट पंथाने पुन्हा तारीख ठरविण्याचे टाळले. चुकीची तारीख सांगणारा आणि स्वतःस ख्रिस्त म्हणविणारा यांना एकाच मापाने मोजू नये. मिलर प्रामाणिक होता. त्रावणकोरातील जस्टस जोसेफ या ब्राह्मण ख्रिस्ती उपदेशकाने १८८१ हे पुनरागमनाचे वर्ष सांगितले होते. ते सरल्यानंतर त्याने ‘युयोमयम्’ नावाचा नवा पंथच चालविला. याच्या उलट उदाहरण जे. कृष्णमूर्तींचे. थिऑसॉफीच्या नेत्यांनी त्यांना जगद्‌गुरूचे पद देऊ केले होते. त्यांनी ३ ऑगस्ट १९२९ रोजी त्यासाठी उभारलेला संघच विसर्जित केला.

कायद्याचीही येथे थोडी मदत होते. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी अधिनियमात तथाकथित चमत्कार दाखवून पैसे उकळणे व अतींद्रिय शक्तीचा आव आणून फसविणे हे गुन्हे ठरविले असून तो सर्व धर्मीयांना लागू आहे.

महाराष्ट्रातील प्रयोग : पुणे जिल्ह्यातच केडगाव येथील पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनात १९०५ मध्ये मोठे धार्मिक पुनरुज्जीवन झाले. रात्रंदिवस प्रार्थना, अश्रू व उन्माद यांच्या वार्ता देशाबाहेर गेल्या. अशा प्रसंगी पुढाऱ्याने स्वतःस दैवी पद घेणे सोपे असते. रमाबाईंनी ते घेतले नाही. दुष्काळपीडित मुलींचे शिक्षण, छापखाना व भाषांतर हे त्यांचे काम पूर्वीसारखेच चालू राहिले.

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचा प्रयोग अधिक मूलगामी होता. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने अमेरिकन मराठी मिशनमध्ये अनेक वर्षे काम केले. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ते साताऱ्यास राहावयास गेले व त्यांनी ‘देवाचा दरबार’ ही कल्पना मांडली. बाप्तिस्मा झालेल्या व न झालेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तशिष्यांचा बंधुसंघ असे तिचे स्वरूप होते. ‘राज्य’ हा शब्द टाळून ‘दरबार’ निवडण्यात मराठी जाण आहे. राज्याला सरहद्द लागते. दरबारात राजाचे दर्शन होते आणि दाद मागता येते. भोरपासून साताऱ्यापर्यंतच्या संस्थानी मुलुखात या शब्दाला वजन होते. संतांनी विठ्ठलाला पंढरीचा राजा केलेच होते, आणि आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे टिळक म्हणत. दरबाराची गादी त्यांनी स्वतःकडे घेतली नाही, ही त्यांची खरी कसोटी होती. बाप्तिस्म्याचे महत्त्व कमी होते म्हणून काही मिशनऱ्यांना ही कल्पना रुचली नाही. ती हरकत चर्चच्या दृष्टीने निराधार म्हणता येत नाही, कारण सीमारेषा पुसट असलेल्या संघात प्रवेशाची व शिस्तीची व्यवस्था कोणी लावावी, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. टिळक ९ मे १९१९ रोजी मुंबईस निवर्तले आणि दरबार त्यांच्यामागे फार काळ टिकला नाही. त्यांचे चरित्रकार जे. सी. विन्स्लो यांनी १९२२ मध्ये अहमदनगर (आता अहिल्यानगर) येथे ख्रिस्त सेवा संघ हा आश्रमवजा संघ काढला. तो नंतर पुण्यास आला. व्हेरिअर एल्विन १९२७ मध्ये भारतात आले, ते याच संघात.