रांगेत अडकलेला आवाज

भिवंडी-वाडा रस्त्यावर अंबाडी नाक्याला मालाच्या ट्रकांची रांग लागली, की मागची अँब्युलन्सही अडकते. घरातल्या राउटरमध्ये नेमकं हेच होतं. मुलाने फोनमधले व्हिडिओ क्लाउडवर चढवायला घेतले, की आईच्या व्हिडिओ कॉलमधला आवाज तुटायला लागतो.

लोक लगेच महागडा प्लॅन घेतात. त्याआधी हिशेब करून बघा. अपलोडचा वेग १० एमबीपीएस आणि पुढे १ मेगाबाइटची रांग, म्हणजे शेवटच्या पॅकेटला, म्हणजे डेटाच्या तुकड्याला, ०.८ सेकंद ताटकळावं लागतं. फाइलचं त्याने काही बिघडत नाही. बोलण्यासाठी मात्र आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत ठेवायला सुचवलं आहे.

कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये ‘कोडेल’ ही पद्धत मांडली. पॅकेट रांगेत किती वेळ थांबलं, एवढंच ती बघते. हा वेळ सतत ५ मिलिसेकंदांच्या वर राहिला, की ती एखादं पॅकेट टाकून देते. तेवढ्या इशाऱ्यावर पाठवणारा संगणक वेग कमी करतो. इतका साधा आणि इतका नेमका उपाय क्वचितच सापडतो!

राउटरमध्ये ‘एसक्यूएम’ची, म्हणजे अशा पद्धतीने रांग आटोक्यात ठेवण्याची, सोय असेल तर ती चालू करा आणि अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ९० टक्क्यांच्या आसपास ठेवा. मग रांग पुढच्या यंत्रात न साचता तुमच्या ताब्यात राहते.

घरातल्या या रांगेत कुणाला पुढे सोडायचं हे तुम्ही ठरवावं. इंटरनेट कंपन्यांनी मात्र वेबसाइटींमध्ये असा भेदभाव करू नये, म्हणून २०१८ मध्ये केंद्र सरकारने नेट न्यूट्रॅलिटीचे नियम मंजूर केले.