काउंटर ८ मेगाहर्ट्झवर थांबतो, मग १०० मोजायचे कसे?

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात एक प्रयोग हमखास असतो. एक ट्रान्झिस्टर, तारेचे पाच-सहा वेढे, एक माइक आणि नऊ व्होल्टची बॅटरी. झाला एफएम ट्रान्समीटर! शेजारच्या रेडिओवर आवाज आला की सगळे टाळ्या वाजवतात. पण परीक्षकांनी एवढंच विचारलं, की "हा नेमका किती मेगाहर्ट्झवर चालतोय?", तर बहुतेक मुलं रेडिओच्या काट्याकडे बोट दाखवतात. ते पुरेसं नाही.

का नाही, ते आपल्या जालन्याच्या माणसाला सांगायला सोपं आहे. छत्रपती संभाजीनगरचं चिकलठाणा विमानतळ जालना रोडवरच आहे. एफएमचा पट्टा ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ. त्याला अगदी खेटून, १०८ ते ११७.९७५ मेगाहर्ट्झमध्ये, विमानांना दिशा दाखवणाऱ्या आणि धावपट्टीवर उतरायला मदत करणाऱ्या यंत्रणा चालतात. एका ट्रान्झिस्टरचं हे सर्किट इतकं हलकं असतं की नुसता हात जवळ नेला तरी फ्रिक्वेन्सी सरकते. १०७ वर लावलेलं १०८ च्या पलीकडे कधी गेलं, ते कळतसुद्धा नाही. आणि परवान्याशिवाय हवेत प्रक्षेपण करणं मुळात कायद्याने गुन्हा आहे. म्हणून अँटेना काढून तिथे ४७ ओहमचा रझिस्टर लावायचा आणि टेबलावरच मोजायचं.

मोजायचं कशाने? शाळेत आर्डुइनो उनो असतो. त्याच्या ५ नंबरच्या पिनवर येणारे ठोके एक सेकंद मोजले की झाली फ्रिक्वेन्सी. पण त्याचं घड्याळ १६ मेगाहर्ट्झचं. बाहेरून येणारे ठोके त्याच्या निम्म्यापेक्षा कमीच हवेत. चिप बनवणारे तर १६ भागिले २.५, म्हणजे ६.४ मेगाहर्ट्झपर्यंतच भरवसा ठेवा म्हणतात. आपल्याला हवेत १००.

आता मोंढ्यात चला. हमाल धावत पोती उतरवतायत आणि मुनीम प्रत्येक पोत्याला रेघ मारतोय. वेग वाढला की मुनीम चुकणार. मग गाडीपाशी एक पोरगा उभा करायचा, त्याने दहा पोती झाली की एकदा "दहा!" म्हणून ओरडायचं. मुनीम फक्त आरोळ्या मोजतो आणि शेवटी दहाने गुणतो. हा पोरगा म्हणजेच प्रीस्केलर. यात एक गोष्ट लक्षात घ्या: मुनीम तोच राहिला, वेग फक्त त्या पोराला हवा.

ही युक्ती रेडिओवाल्यांची नाही बरं का. केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत विन-विल्यम्स या शास्त्रज्ञाला अल्फा कण मोजायचे होते आणि यांत्रिक मीटरला तो वेग झेपत नव्हता. त्याने १९३२ साली थायरॅट्रॉन नळ्यांचा 'दोनाचा' गणक प्रसिद्ध केला. प्रत्येक टप्पा दोन कणांमागे पुढे एकच ठोका सोडायचा. टप्पे जोडत गेलं की २, ४, ८, १६ असा भाग जातो.

आपणही तेच करू. खटका असलेलं बॉलपेन घ्या. दोनदा दाबलं की टोक एकदाच बाहेर येतं, म्हणजे दाबण्याची फ्रिक्वेन्सी अर्धी झाली. इलेक्ट्रॉनिक्समध्ये हे काम फ्लिप-फ्लॉप करतो. ७४एसी७४ या आयसीत असे दोन असतात आणि ५ व्होल्टवर तो १४० मेगाहर्ट्झपर्यंत चालतो. अक्षरं नीट बघून घ्या, दुकानदार ७४एलएस७४ हातात ठेवेल. तो इथे पुरणार नाही.

जोडणी अशी. २ नंबरची पिन ६ ला आणि १२ नंबरची ८ ला जोडा. १, ४, १०, १३ या पिना ५ व्होल्टला. सिग्नल ३ वर येईल. ५ वरून तो अर्धा होऊन निघेल, तो ११ ला द्या. ९ वर मूळच्या चौथा हिस्सा मिळेल, म्हणजे १०० चे २५ झाले. पुढे ७४एचसी३९३ च्या १ नंबरला द्या. त्याची २ नंबरची पिन ग्राउंडला, वापरात नसलेल्या १२ आणि १३ सुद्धा ग्राउंडला. त्याच्या ६ नंबरवर १६ ने भागलेला सिग्नल येतो. ४ गुणिले १६ म्हणजे ६४. १०० मेगाहर्ट्झचे १.५६२५ झाले, ते आर्डुइनोला आरामात झेपतात. दोन्ही आयसींच्या ७ नंबरला ग्राउंड, १४ ला ५ व्होल्ट.

सिग्नल थेट पिन ३ ला लावून चालत नाही, तो फार बारीक असतो. आधी बीएफ१९९ सारख्या, रेडिओ फ्रिक्वेन्सीसाठी बनलेल्या ट्रान्झिस्टरची एक पायरी ठेवा. तिथून १ नॅनोफॅरडच्या कपॅसिटरमधून पिन ३ ला या, आणि दोन सारख्या रझिस्टरांनी त्या पिनला अडीच व्होल्टवर टेकवून ठेवा. ट्रान्समीटरला तार जोडूच नका, त्याच्या कॉइलजवळ दोन वेढ्यांची तार धरली तरी पुरते.

ब्रेडबोर्ड मात्र विसरा. १०० मेगाहर्ट्झला त्याच्या आतल्या पट्ट्याच कपॅसिटरसारख्या वागतात. तांब्याचा पत्रा असलेली पाटी घ्या, तारा आखूड ठेवा, आणि प्रत्येक आयसीच्या ५ व्होल्टच्या पिनला चिकटून ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर सोल्डर करा. हा कपॅसिटर "नंतर लावू" म्हणून राहतो आणि मग आकडे नाचतात.

प्रोग्राममध्ये मिळालेल्या आकड्याला ६४ ने गुणायचं. याची किंमतही मोजावी लागते: एक ठोका इकडचा तिकडे झाला की उत्तर ६४ हर्ट्झने बदलतं. आपल्या कामाला ते काहीच नाही. खरी चूक दुसरीकडे आहे. उनोचं १६ मेगाहर्ट्झचं घड्याळ क्रिस्टलचं नसून सिरॅमिक रेझोनेटरचं असतं आणि त्यात अर्धा टक्का फरक असू शकतो. १०८ चा अर्धा टक्का म्हणजे ५४० किलोहर्ट्झ! म्हणजे पडद्यावर १०७.७ दिसेल आणि ट्रान्समीटर प्रत्यक्षात १०८ ओलांडून गेलेला असेल. प्रीस्केलर ही चूक कमी करत नाही, वाढवतही नाही, टक्केवारी तीच राहते.

ती काढायला घरातला जुना, फिरत्या बटणाचा एफएम रेडिओ घ्या. अशा बहुतेक रेडिओंच्या आत एक ऑसिलेटर असतो, तो स्टेशनपेक्षा १०.७ मेगाहर्ट्झ वर चालतो. संभाजीनगर आकाशवाणीचं १०१.७ स्वच्छ लागलं असेल तर आतला ऑसिलेटर ११२.४ ला असणार. आपल्या तारेचे वेढे त्या रेडिओच्या ट्यूनिंग कपॅसिटरजवळ न्या आणि वाचा. समजा काउंटर १११.९ दाखवतो, तर पुढच्या प्रत्येक उत्तराला ११२.४ भागिले १११.९ ने गुणा. दुसरं एखादं स्टेशन लावून पुन्हा ताडून बघा, कारण काटा स्टेशनच्या जरा बाजूला असला तरी आवाज येतो आणि आपण फसतो. डिजिटल रेडिओवर मात्र हे करू नका, त्याची आतली रचना निराळी असते.

अजून एक. काहीच जोडलेलं नसताना पडद्यावर ९० च्या आसपास भलताच आकडा दिसला तर घाबरू नका. पुढची पायरी स्वतःच थरथरतेय इतकंच. सिग्नल जवळ आणा. आकडा स्थिर झाला, आणि ट्रान्समीटरची बॅटरी काढल्यावर पुन्हा पळाला, तरच तो तुमच्या ट्रान्समीटरचा समजा.