वाहिनी टाकण्याआधी जमीन पाहून घ्यावी

नागपूरच्या जरीपटक्यात नळासाठी किंवा केबलसाठी रस्ता खोदला की कुणीतरी म्हणतंच, ‘इथं जुनं काय निघणार? वस्तीच फाळणीनंतरची.’ सिंधी निर्वासितांनी उभी केलेली ही वस्ती नवी, हे खरंच. आणि तिच्या उकरून-बुजवून झालेल्या गल्ल्यांत पुरातत्त्वीय पाहणीला फारसं काही मिळेल असं मलाही वाटत नाही. पण वाहिन्या शहराबाहेरही जातात. काटोल रस्त्यावर जुनापाणीला लोहयुगातली सुमारे ३०० शिलावर्तुळं आहेत. माहुरझरीच्या वर्तुळांत तर माणसांबरोबर पुरलेले घोडे सापडले, तांब्याच्या साजासकट. वरून मात्र दिसतो गोलात मांडलेल्या दगडांचा बुटका उंचवटा. जेसीबीवाल्याला तो अडथळाच वाटणार.

पाहणी म्हणजे उत्खनन आणि उत्खनन म्हणजे वर्षभर काम बंद, ही भीती सर्वांत घट्ट बसलेली. वास्तविक सुरुवात जुन्या नकाशांपासून होते. मग आखलेल्या मार्गावर ओळीनं चालत खापरं, दगडी हत्यारं, लोहकीट टिपायचं. शंका आली तर लहान चाचणीखड्डा. पिकं निघाल्यावर उघडं पडलेलं शेत यासाठी उत्तम. ‘आता रडार आहे, चालायचं कशाला?’ असंही विचारतात. विदर्भातल्या चिकण काळ्या मातीत रडारच्या लहरी लवकर विरतात. डोळे आणि पाय अजून लागतातच. काही सापडलंच तर विजेचा मनोरा थोडा सरकवता येतो, तारा वरून जातात. पाण्याच्या चराला ही सोय नाही, म्हणून मार्ग कागदावर असतानाच पाहिलेलं बरं.

अशी पाहणी कायद्यानं सगळीकडे सक्तीची आहे, हाही गैरसमजच. केंद्रीय संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम निषिद्ध, त्यापुढच्या २०० मीटरला परवानगी लागते. त्याबाहेरच्या, कुठल्याच यादीत नसलेल्या उंचवट्याला असं सरसकट कवच नाही.

आणि ‘काही सापडलं की सरकार फुकटात नेतं’? १८७८चा निखात निधी कायदा दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवायला सांगतो. (दहा रुपये! आकडा तेव्हाचाच.) मालक न मिळाल्यास आणि वेगळा करार नसल्यास शोधणाऱ्याला तीन चतुर्थांश, जमीनमालकाला एक चतुर्थांश, सरकारनं ठेवा घेतलाच तर त्यातल्या साहित्याच्या किमतीवर एक पंचमांश जास्त रक्कम मोजावी लागते. न कळवणाऱ्याचा मात्र वाटाही जातो, वर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.