क्लास लावला, आता झोपेचीही वेळ लावा

आपल्या वस्तीतली मुलं-मुली आता बारावीबरोबर नीट आणि एमएचटी-सीईटीची तयारी करतात. आईवडील पोटाला चिमटा काढून, कधी बचत गटाचं कर्ज उचलून क्लासची फी भरतात. सकाळी कॉलेज, दुपारी क्लास आणि रात्री दोन-दोनपर्यंत जागरण. जास्त जागला तो जास्त शिकला, असं आपल्याला वाटतं. पण त्या जागरणात भरलेली फी वाया जाते.

दिवसा शिकलेलं डोक्यात पक्कं बसतं ते रात्रीच्या झोपेत. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना रोज ८ ते १० तास झोप लागते. पाच तासांवर दिवस काढणारं मूल क्लासमध्ये बसतं, ऐकतं, पण ध्यानात राहत नाही. नीटमध्ये १८० मिनिटांत १८० प्रश्न असतात. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं तर १ वजा. पेंगुळल्या डोक्याने येणारं उत्तर चुकलं, की ५ गुणांचा फटका. सीईटीत वजा गुण नाहीत, पण जीवशास्त्राचे १०० प्रश्न ९० मिनिटांत संपवायचे असतात.

“एका खोलीत सहा माणसं, झोपायचं कुठे आणि वाचायचं कुठे?” हा प्रश्न खराच आहे. बाबासाहेब परळच्या चाळीत शिकत होते, तेव्हा त्यांच्या घरातही हाच प्रश्न होता. सुभेदार रामजी भीमरावांना लवकर झोपवत, स्वतः रात्री दोनपर्यंत जागत आणि मग त्यांना अभ्यासाला उठवत, असं चरित्रात वाचायला मिळतं. दोन वाजता उठल्याची गोष्ट आपण मुलांना नेहमी सांगतो. आधी लवकर झोपवल्याचं सांगायला मात्र विसरतो. अख्ख्या घराने सोय केली, म्हणून तो अभ्यास झाला.

आपल्या घरात एवढं करता येईल:

झोप : रात्री दहाला टीव्ही आणि दिवा बंद, मोबाईल आईकडे. पहाटे सहाला उठून शांततेत वाचन. संध्याकाळी विहाराची खोली किंवा अभ्यासिका मुलांसाठी उघडी ठेवा.

सराव : नीटचा पेपर दुपारी दोनला सुरू होतो. रविवारी सराव पेपर त्याच वेळी, घड्याळ लावून सोडवा. जेवून सुस्ती येण्याच्या वेळी डोकं चालवायची सवय लागते.

खाणं : उपाशी पोटी क्लासला पाठवू नका. भाकरी, उसळ, अंडं, शेंगदाणे-गूळ पुरेसं आहे. उसळीवर लिंबू पिळा. जेवणावर लगेच चहा नको, त्याने अन्नातलं लोह अंगी लागत नाही.

रक्त : मुलगी सतत थकलेली असेल, जिना चढताना धाप लागत असेल, तर तिला आळशी म्हणू नका. सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासून घ्या. १२ च्या खाली असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाच्या गोळ्या सुरू करा.

क्लास : केंद्र सरकारच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार क्लास दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त नसावा, आठवड्याची सुट्टी असावी आणि मध्येच सोडल्यास उरलेल्या काळाची फी परत मिळावी. पैसे भरण्याआधी हे विचारा आणि पावती जपून ठेवा. म्हणजे मूल थकलं तर फीपायी त्याला तिथे अडकवून ठेवावं लागणार नाही.

मूल जेवेनासं झालं, कोणाशी बोलेना, ‘मी तुमचे पैसे बुडवले’ असं म्हणू लागलं, तर त्या दिवशी पुस्तक बाजूला ठेवा आणि त्याच्याजवळ बसा. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येतं, मराठीतही. जीव नकोसा झाल्याचं बोललं तर त्याला एकटं सोडू नका, लगेच दवाखान्यात न्या. आणि कर्जाचा हप्ता किती उरला आहे, हे परीक्षा होईपर्यंत त्याच्यासमोर काढू नका.