संमतीपत्र कोण वाचतं? आदिवासी विद्यार्थी आणि उन्हाळी संशोधन इंटर्नशिप



आनुवंशिकतेचा पाठ शिकवताना आपण फळ्यावर डीएनएची शिडी काढतो, सिकलसेलचं उदाहरण देतो आणि पुढे सरकतो. तो डीएनए ज्या रक्तातून मिळाला ते रक्त कोणाचं, हा प्रश्न पाठात येत नाही. आज त्याबद्दल थोडं.

अमेरिकेत ॲरिझोना राज्यात, ग्रँड कॅन्यनच्या तळाशी हवासुपाई नावाची छोटी आदिवासी जमात राहते. गावाला गाडीरस्ता नाही. पायी जा, खेचरावरून जा, नाहीतर हेलिकॉप्टरने. या लोकांत मधुमेहाचं प्रमाण फार. १९९० मध्ये ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यांच्या रक्ताचे नमुने घ्यायला सुरुवात केली. लोकांना वाटलं, मधुमेहावर काहीतरी इलाज निघेल. संमतीपत्रातले शब्द मात्र मोघम होते. पुढे तेच रक्त स्किझोफ्रेनिया, नात्यातली लग्नं, पूर्वज कुठून आले अशा विषयांसाठी वापरलं गेलं. आपला उगम याच दरीत झाला असं मानणाऱ्या लोकांच्या रक्तातून, त्यांना न विचारता, ‘तुमचे पूर्वज आशियातून आले’ असा निष्कर्ष काढला गेला!

हे उघडकीला कसं आलं? कॉलेजपर्यंत पोचलेल्या मोजक्या हवासुपाईंपैकी एक, कार्लेटा टिलूसी, २००३ मध्ये त्याच विद्यापीठातल्या एका पीएचडीच्या सादरीकरणाला बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, या कामासाठी रक्त वापरायची परवानगी घेतली होती का? प्रकरण कोर्टात गेलं. २०१० मध्ये तडजोड झाली, ४१ जणांना मिळून सात लाख डॉलर मिळाले आणि उरलेले नमुने जमातीला परत दिले गेले. दरम्यान २००२ मध्ये नवाहो नेशनने आपल्या हद्दीत जनुकीय संशोधनावर बंदीच घातली होती.

आता विचार करा, त्या खोलीत टिलूसी नसत्या तर?

आदिवासी पदवी विद्यार्थ्यांसाठीच्या उन्हाळी इंटर्नशिपकडे मी याच नजरेने बघते. विद्यार्थी साधारण आठ-दहा आठवडे एखाद्या जीववैद्यकीय प्रयोगशाळेत मार्गदर्शकाच्या हाताखाली काम करतो. पिपेट धरण्यापासून सुरुवात, आणि शेवटी आपल्या कामाचं पोस्टर घेऊन लोकांसमोर उभं राहायचं. त्याला मानधन मिळतं, आणि ही गोष्ट किरकोळ नाही. ज्या घरात उन्हाळ्याची कमाई हवीच असते, तिथला मुलगा फुकट ‘अनुभव’ घ्यायला जाऊच शकत नाही. घरापासून लांब, आपल्यासारखं कोणी नाही अशा ठिकाणी एकट्याने राहणं हेही सोपं नसतं.

२०११ मध्ये इलिनॉय विद्यापीठात सुरू झालेला ‘सिंग’ हा कार्यक्रम थोडा वेगळा. नावात इंटर्नशिप असली तरी तो एका आठवड्याचाच आहे. विद्यार्थी डीएनए वेगळा करायला, वाचायला शिकतात आणि त्याच आठवड्यात नमुने कोणाच्या मालकीचे, माहिती कुठे ठेवायची यावर वादही घालतात. पुढे न्यूझीलंड, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातही असे कार्यक्रम सुरू झाले. दक्षिण डकोटात तर आदिवासी शास्त्रज्ञांनी चालवलेली जैवनमुन्यांची पेढीच आहे.

हे फक्त फसवणूक टाळण्यापुरतं नाही बरं का. १९९३ मध्ये नवाहो भागात धडधाकट तरुण अचानक श्वास कोंडून दगावू लागले. तेव्हा जमातीतल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलं की पाऊस जास्त झाला, पिन्यॉनच्या बिया भरपूर आल्या की उंदीर वाढतात आणि आजार येतो. तो उंदरांतून पसरणारा हंताविषाणू निघाला. असं ज्ञान घरात ऐकलेला विद्यार्थी प्रयोगशाळेत असेल, तर प्रश्नच वेगळे पडतात.

आपल्याकडे नंदुरबार, गडचिरोलीत सिकलसेलसाठी रक्त तपासलं जातं. ते देणाऱ्या मुलांपैकी कोणी उद्या तपासणारा व्हावा असं वाटत असेल, तर सुरुवात म्हणून एक सांगते. बंगळुरूची भारतीय विज्ञान अकादमी इतर दोन राष्ट्रीय अकादम्यांबरोबर उन्हाळी संशोधन फेलोशिप देते. विद्यार्थ्यांना असते आणि शिक्षकांनाही, हे आपल्यातल्या अनेकांना माहीतच नसतं.

आणि हा पाठ पुढच्या वेळी घ्याल तेव्हा एक साधं संमतीपत्र मराठीत लिहून मुलांच्या हातात द्या. सही करण्याआधी काय काय विचारावंसं वाटतं, ते त्यांनाच लिहू द्या.