दिसेल तो वाचेल : अंधारातल्या सायकलस्वारासाठी थोडेसे



आपल्या मंडळाच्या यंदाच्या मदतनिधीचा विषय कळल्यावर बऱ्याच सभासदांनी भुवया उंचावल्या. शाळेची फी, औषधपाणी, दुष्काळ हे विषय समजतात. पण सायकलचा दिवा आणि चमकणारं जॅकेट? त्यासाठी निधी? शंका रास्त आहे. म्हणूनच हा लेख. पैसे मागण्याआधी ते कशासाठी लागतात आणि त्यानं नेमकं काय साधतं, हे सांगणं आम्ही आमचं कर्तव्य समजतो.

इथे यूएईत सायकल म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे दुबईचा अल कुद्राचा ट्रॅक येतो. वाळवंटातून ऐंशी किलोमीटरहून जास्त पसरलेला, गाड्यांपासून वेगळा, हेल्मेट घातलेल्या हौशी मंडळींचा. पण या देशात दुसरीही एक सायकल आहे, आणि ती हौसेची नाही. शारजाच्या अल धैदकडे, रास अल खैमाच्या दिगदागा-हमरानियाच्या शेतांमध्ये, अल ऐनच्या आसपास, लिवाच्या खजुराच्या बागांत काम करणाऱ्या माणसाची ती सायकल. कुणी बांगलादेशचा, कुणी पाकिस्तानचा, कुणी नेपाळचा, कुणी आपल्याच देशातला. शेतावरून दुकानात, दुकानातून मशिदीत, मशिदीतून खोलीवर, असा त्याचा फेरा. सायकल बहुधा जुनी, हातोहात आलेली. ब्रेक लागतो, घंटी कधी असते कधी नसते, दिवा मात्र क्वचितच.

अंधारातच का निघतात?

कुणी म्हणेल, दिवसा जावं की! पण तसं जमत नाही. उन्हाळ्यात, १५ जून ते १५ सप्टेंबर, दुपारी साडेबारा ते तीन या वेळेत उन्हात काम करून घेण्यास या देशात कायद्यानेच बंदी आहे. नियम चांगलाच आहे, त्यानं कितीतरी जीव वाचतात. पण काम काही कमी होत नाही. ते पहाटेकडे आणि संध्याकाळकडे सरकतं. हिवाळ्यात डिसेंबरमध्ये साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे काम सुटतं तेव्हा अंधार पडलेलाच असतो. त्यात हिवाळ्यातल्या पहाटेचं दाट धुकं. अबू धाबीत अशा धुक्यात महामार्गांची वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटरवर आणतात, यावरून धुकं किती गंभीर असतं ते कळावं.

शहरात रस्त्यावर दिव्यांची रांग असते. शेतांकडे जाणारे कितीतरी फाटे मात्र रात्री काळेकुट्ट. एका बाजूला वाळू, दुसऱ्या बाजूला कुंपण, आणि मधून ऐंशी-शंभरच्या वेगानं जाणारी गाडी. त्या गाडीत कधी आपण असतो, हे विसरू नये.

हिशेब मीटरचा

आता थोडं गणित करू. ड्रायव्हरला समोर काहीतरी दिसलं की पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. गाडी तेवढ्या वेळात पूर्ण वेगानं पुढे जातच असते. मग ब्रेक लागतो आणि कोरड्या चांगल्या रस्त्यावरही थांबायला आणखी जागा लागते. दोन्ही मिळून ताशी ६० च्या वेगाला सुमारे ४५ मीटर, ८० ला सुमारे ७० मीटर, आणि १०० ला जवळजवळ शंभर मीटर. म्हणजे क्रिकेटच्या जवळजवळ पाच खेळपट्ट्या एका टोकाला एक मांडल्या, तर शंभरच्या वेगातली गाडी त्या शेवटी शेवटी थांबेल.

आणि दिसतं किती लांबचं? हेडलाइट खाली असताना गडद कपड्यातला माणूस साधारण पन्नास मीटरच्या आत आल्यावरच ओळखू येतो, कित्येकदा त्याहूनही उशिरा. म्हणजे ऐंशीच्या वेगाचा सावध, शुद्धीत असलेला, मोबाईल न बघणारा ड्रायव्हरसुद्धा वेळेत थांबू शकत नाही. इथे बेफिकिरीचा प्रश्नच येत नाही. दोष द्यायचाच तर अंधाराला द्यावा लागेल.

आपल्या लोकांची आणखी एक सवय नडते. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ या चारही देशांत वाहनं डावीकडून चालतात, इथे उजवीकडून. नवीन आलेला माणूस सवयीनं डावी बाजू धरतो आणि समोरून येणाऱ्या गाड्यांच्या अंगावर जातो. हिशेब बघा : गाडी ८० ने, सायकल १५ ने. दोघं एकाच दिशेला असतील तर पन्नास मीटर अंतर संपायला पावणेतीन सेकंद लागतात. समोरासमोर असतील तर दोन सेकंदांच्या आतच संपतं. त्यातला दीड सेकंद ड्रायव्हरच्या पायानंच खाल्ला!

"मला तर दिसतंय ना!"

सगळ्यात मोठा घोटाळा या वाक्यात आहे. सायकलवाल्याला दुरून येणारी गाडी झगमगीत दिसते, त्यामुळे गाडीवाल्यालाही आपण तसेच दिसत असू असं त्याला वाटतं. तसं नसतं. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेनच्या क्वीन्सलँड युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजीतील संशोधकांनी रहदारी बंद केलेल्या रस्त्यावर रात्री याची परीक्षा घेतली. निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. काळ्या कपड्यातला सायकलस्वार ड्रायव्हरांनी ओळखला तो शंभरात फक्त दोन वेळा. भडक फ्लोरोसंट जॅकेट घातलं तर १५ वेळा. चमकपट्टीचं, म्हणजे रिफ्लेक्टिव्ह जॅकेट घातलं तर ५० वेळा. आणि त्याच जॅकेटबरोबर घोट्यांना आणि गुडघ्यांना चमकपट्ट्या बांधल्या, तर ९० वेळा!

हे आकडे नीट पाहण्यासारखे आहेत. पहिली गोष्ट म्हणजे, भडक रंग म्हणजे रात्रीचं संरक्षण नव्हे. फ्लोरोसंट रंग उन्हातल्या अतिनील किरणांवर उजळतो. रात्री ऊन नाही, म्हणून तो रंगही विझलेला. चमकपट्टीची करामत वेगळी. तिच्यात बारीक काचेचे मणी किंवा सूक्ष्म कोन असतात, ते प्रकाश जिथून आला तिथेच परत पाठवतात. आरसा प्रकाश भलतीकडे फेकतो; चमकपट्टी हेडलाइटचा उजेड थेट ड्रायव्हरच्या डोळ्यांकडे परतवते. अंधारात मांजराचे डोळे चमकतात त्याच जातीची ही गोष्ट. इंग्लंडच्या यॉर्कशायरमधील पर्सी शॉ यांनी १९३४ साली रस्त्यात बसवायच्या काचेच्या खुणांचं पेटंट घेतलं, त्यांना नावच मिळालं 'कॅट्स आय'. आज आपल्या गाडीखालून रोज तशाच खुणा जातात.

दुसरी गोष्ट घोट्यांची. छातीवरची पट्टी दिसली तरी ती पाटी आहे, खांब आहे की माणूस, हे कळत नाही. पॅडल मारताना घोटे वर-खाली होतात, ती हालचाल दिसली की मेंदू क्षणात सांगतो, "माणूस आहे." स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहान्सन यांनी १९७३ मध्येच दाखवलं होतं, की अंधारात केवळ सांध्यांवर थोडे ठिपके लावले तरी चालणारा माणूस चटकन ओळखू येतो. म्हणून आपल्या संचात जॅकेटइतकंच महत्त्व घोट्याच्या पट्ट्यांना दिलं आहे.

दिवा हवाच

चमकपट्टी दुसऱ्याच्या उजेडावर जगते. फाट्यावरून आडव्या येणाऱ्या गाडीचा हेडलाइट तिच्यावर पडतच नाही. तिथे स्वतःचा दिवा लागतो : पुढे पांढरा, मागे तांबडा. अडचण सेलची. सेल संपला की दिवा महिनोन् महिने तसाच राहतो. यावर डेन्मार्कच्या ओडेन्स शहरात २००४-०५ मध्ये एक चांगला प्रयोग झाला. चाकाच्या आऱ्यांवर लोहचुंबक बसवून चाक फिरलं की लागणारे, सेल न लागणारे दिवे तिथल्या सायकलींना लावले. सुमारे ३,८०० सायकलस्वारांनी भाग घेतला, आणि दिवेवाल्यांचे जखमी होण्याचे अपघात सुमारे १९ टक्क्यांनी कमी भरले. आकडा डोळे दिपवणारा नाही, पण एका छोट्या दिव्यानं एवढं होत असेल तर ते थोडं नव्हे.

तसं पाहिलं तर हे आपल्याला नवीन नाही. पुणं सायकलींचं शहर होतं तेव्हा दिवा नसलेली सायकल दिसली की पोलीस अडवायचे, वेळप्रसंगी चाकातली हवा सोडायचे. आधी रॉकेलचा दिवा, मग डायनामो. हवा सोडल्याचा राग यायचा, पण त्यामागचं कारण आज पटतं. आजही गळीत हंगाम सुरू झाला की महाराष्ट्रात उसाच्या बैलगाड्यांना आणि ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावण्याच्या मोहिमा निघतात. कारण तेच.

कायदा काय म्हणतो?

दुबईत कार्यकारी परिषदेच्या २०२२ च्या ठराव क्रमांक १३ नुसार सायकलला पुढे पांढरा दिवा, मागे तांबडा दिवा व रिफ्लेक्टर, आणि स्वाराला हेल्मेट व चमकणारं जॅकेट आवश्यक आहे. ज्या रस्त्यांची वेगमर्यादा ताशी ६० किलोमीटरहून जास्त आहे, तिथे सायकल चालवायलाच बंदी आहे. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण आपला संच म्हणजे महामार्गावर जाण्याचा परवाना नव्हे. तो देताना आतला रस्ता धरा, उजवी बाजू धरा, मोठा रस्ता ओलांडताना उतरून सायकल हातात घ्या, हे त्यांच्या भाषेत समजावून सांगायचं आहे. नुसतं वाटप करून फोटो काढले म्हणजे काम झालं असं नाही.

आपण काय करायचं?

एका संचात चमकपट्टीचं जॅकेट, घोट्याच्या दोन पट्ट्या, पुढचा-मागचा दिवा, मागचा रिफ्लेक्टर आणि हिंदी, उर्दू, बंगाली, नेपाळी भाषांतलं चित्रांचं पत्रक असेल. हेल्मेट जमेल तितक्यांना. एका कुटुंबाच्या बाहेरच्या एका जेवणाचा खर्च वाचवला तर एक माणूस उजेडात येईल, असा आमचा साधा हिशेब.

देणगीबाबत एक महत्त्वाची सूचना. या देशात २०२१ च्या संघीय कायद्यानुसार परवानगीशिवाय देणग्या गोळा करता येत नाहीत. म्हणून कुणीही व्हॉट्सअॅपवर परस्पर पैसे जमा करू नयेत. आपली मदत परवानाधारक धर्मादाय संस्थेमार्फतच जाईल आणि पावती घेतल्याशिवाय कुणी रक्कम देऊ नये.

आणि ज्यांना देणगी शक्य नाही, त्यांच्यासाठीही काम आहे, तेही फुकट. शेताकडच्या रस्त्यावर वेग कमी ठेवा. समोरून गाडी नसेल तर हेडलाइट वर करा. वाऱ्या-वादळानंतर काच आणि हेडलाइट पुसा. धुळीची पातळ साय उजेड बराच खाते. सायकलस्वाराला ओलांडताना दीड मीटर तरी जागा सोडा.

आपल्या ताटातली भाजी, कोथिंबीर, खजूर पिकवणारा हा माणूस आपल्यासारखाच घर सोडून इथे आलेला आहे. त्याच्या घरीही रात्री कुणीतरी फोनची वाट पाहत असतं. तो खोलीवर सुखरूप पोचावा, एवढंच मागणं. कार्यक्रमाच्या दिवशी प्रवेशद्वाराजवळच्या टेबलावर आमचे कार्यकर्ते संच दाखवायला असतील. हातात घेऊन पाहा, प्रश्न विचारा, आणि मगच ठरवा.

आपले नम्र,
मंडळाची कार्यकारिणी