सरासरी काढण्यापूर्वी

नवेगाव बांधच्या तलावाच्या पाण्यावर धानाच्या बांध्या पिकल्या, म्हणजे उत्पन्नाची चर्चा सुरू होते. हलके धान आधी कापणीस येते, भारी मागाहून. कोणी खंडीत सांगतो, कोणी क्विंटलांत. या सर्वांची सरसकट सरासरी काढल्यास आकडा मिळेल खरा, परंतु त्यावर विसंबता येणार नाही. म्हणून गणितापूर्वी वही तपासणे अगत्याचे आहे.

समजा, सारख्या मापाच्या पाच तुकड्यांत 14, 15, 13, 14 व 16 किलो धान निघाले. सरासरी 14.4 झाली. नक्कल करताना 16 चे 61 झाले, तर तीच 23.4 होते. पाचव्या तुकड्याचे वजन घ्यावयाचे राहिले व तेथे शून्य मांडले, तर ती 11.2 वर येते. न मोजलेली जागा कोरीच ठेवावी; शून्य म्हणजे पीक बुडाले.

मळणीनंतरचे ओले धान व वाळलेले धान एका तराजूत घालू नये. 22 टक्के ओलाव्याचे 100 किलो धान 14 टक्क्यांवर आले, की सुमारे 91 किलोच भरते.

बियाण्यातील पोचट दाणा आपण फेकतो. वहीतील विचित्र आकडा मात्र फेकू नये. मूळ टिपण पाहावे, बांधीवर जाऊन विचारावे. चूक सिद्ध झाल्यास जुना आकडा वाचता येईल अशी रेघ मारून नवा लिहावा व कारण नोंदवावे. कीड लागून उत्पन्न घटले असेल, तर तो आकडा खराच होय.

काही दोष मागाहून निघतच नाहीत. कापणीचा तुकडा फार लहान घेतल्यास कडेची रोपे आत धरली जाऊन उत्पन्न फुगते, हे डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी 1947 साली दाखविले. तेव्हा तुकड्याची लांबी-रुंदीही वहीत हवी.

हा विद्वानांपुरता प्रश्न नव्हे. 2016 पासूनच्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत भरपाई ठरविताना पीककापणी प्रयोगांचा मोठा आधार घेतात. एका फुगलेल्या आकड्याने मंडळाची सरासरी चढली, तर ज्याचे धान खरोखर बुडाले त्याचाही हक्क जातो. यास्तव आमच्या बंधूंस विनंती की, कापणीच्या वेळी बांधीवर हजर राहावे, वजन डोळ्यांनी पाहावे व आपल्या वहीतही त्याच दिवशी टिपून ठेवावे.